नेट्टोची साक्ष

क्रीडांगणावरील वादग्रस्त प्रसंगांचा निवाडा आता कॅमेऱ्याकडे सोपविण्यात आला आहे. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ही पद्धत प्रथम अवलंबिली गेली ती २०१८ साली, रशियात. तीमुळे पंचांच्या चुका कमी झाल्या, हे निर्विवाद. तथापि यंत्र साक्ष देऊ लागले की खेळाडूने साक्ष देण्याचे कारणच उरत नाही, ही बाजू सहसा विचारात घेतली जात नाही. त्या दृष्टीने त्याच देशातील इगॉर नेट्टो याची कारकीर्द मननीय आहे.

१९३० मध्ये मॉस्कोत जन्मलेला नेट्टो १९४९ पासून १९६६ पर्यंत ‘स्पार्ताक’ या एकाच संघाच्या मधल्या फळीत खेळला. त्याच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत संघाने १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात त्याने ज्या युगोस्लाव्हियाला हरविले, त्यानेच उपांत्य फेरीत भारताला ४-१ असे नमविले होते. १९६० मध्ये पहिला युरोपीय चषकही नेट्टोच्याच संघाने पटकावला.

या यशामागील काळ मात्र सुखाचा नव्हता. त्याचा थोरला भाऊ लेव्ह १९४८ मध्ये पकडला गेला आणि १९५६ पर्यंत राजकीय कैदी म्हणून श्रमछावणीत खितपत पडला. १९५२ च्या ऑलिंपिकमधील पराभवानंतर तर सरकारने सैन्यदलाचा नामांकित संघच बरखास्त केला. पराभवाची किंमत काय असते, हे नेट्टोला कोणी सांगावयास नको होते.

असा हा कर्णधार ६ जून १९६२ रोजी चिलीतील आरिका येथे उरुग्वेविरुद्ध खेळत होता. बरोबरी १-१ अशी असताना चिस्लेंकोने मारलेला चेंडू बाजूच्या जाळीतील भोकातून आत शिरला आणि पंचांनी गोल दिला. नेट्टोने स्वतः पंचांकडे जाऊन तो गोल नसल्याचे सांगितले. गोल रद्द झाला. अखेरच्या क्षणी इव्हानोव्हने गोल करून सामना जिंकून दिला खरा; परंतु खरे बोलताना नेट्टोला तो शेवट ठाऊक नव्हता. त्याच्या साक्षीचे मोल त्यामुळेच आहे.

अर्थशास्त्राचा सामान्य अनुभव असा, की परस्परविश्वास घटला म्हणजे देखरेखीचा खर्च वाढतो. पहारा अपकृत्य पकडू शकतो. स्वतःच्या हिताविरुद्ध खरे बोलण्याची सवय तो लावू शकत नाही. परीक्षागृह असो वा कचेरी, कॅमेरे अवश्य बसवावेत. परंतु त्यांनी काम भागेल, अशी समजूत करून घेऊन चारित्र्यशिक्षणाची जबाबदारी शिक्षकांनी व वडीलधाऱ्यांनी झटकू नये.