निवृत्तिवेतन एकाचे, कमाई दोघांची

काशीच्या बालाजी घाटाशी पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा याच काशीत कंपनी सरकारच्या तनख्यावर राहिले. खुद्द बाजीरावांचा तनखा वर्षाला 8 लाख रुपयांचा होता. 1851 मध्ये त्यांचे निधन होताच डलहौसीने तो बंद केला आणि दत्तकपुत्र नानासाहेबांचा दावा फेटाळला. तनखा ही देणाऱ्याची मेहेरबानी होती. ती घेणाऱ्याबरोबरच संपली.

मेहेरबानीची ही कल्पना सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये नकारा खटल्यात मोडीत काढली. निवृत्तिवेतन हे उपकार नव्हे. ते केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. मग ती सेवा घडत असताना घर, मुले आणि बदल्यांची ओढाताण सांभाळणाऱ्या जोडीदाराचा त्या हक्कात वाटा का नसावा? घटस्फोटाच्या वेळी आपला कायदा हा प्रश्नच विचारत नाही, असे मला वाटते.

हिंदू विवाह कायद्याचे कलम 27 विवाहप्रसंगी वा त्या सुमारास मिळालेल्या सामायिक मालमत्तेपुरते आहे. कलम 25 खाली पोटगी मिळते. परंतु पोटगी गरज आणि ऐपत पाहून ठरते, संसारातील वाटा मोजून नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये पोटगीच्या वसुलीसाठी निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येते, असे सांगितले. हा दिलासा मोठा. पण तो निवृत्तिवेतनधारक हयात असेपर्यंतच.

खरी अडचण त्याच्या मृत्यूनंतर येते. तीस वर्षांचा संसार निवृत्तीच्या तोंडावर मोडला आणि पतीने पुनर्विवाह केला, तर कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या पत्नीला मिळते. यात तिचा दोष नाही. पण पहिलीच्या हाती काहीच उरत नाही. एप्रिल 2025 पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेतही 60 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन निवृत्तीच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार असेल, त्यालाच मिळते. संसार किती वर्षे झाला, याला मोल नाही.

जर्मनीने 1977 पासून, तर इंग्लंडने डिसेंबर 2000 पासून घटस्फोटात निवृत्तिवेतनाच्या वाटणीची सोय केली. तत्त्व आपल्याला परके नाही: गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार नसल्यास मालमत्ता पतिपत्नींची सामायिक मानली जाते.

माझी सूचना साधी आहे. सेवा 30 वर्षांची आणि त्यातील विवाह 20 वर्षांचा असेल, तर 30 हजारांच्या निवृत्तिवेतनापैकी 20 हजार वैवाहिक काळाचे. त्यातील निम्मे, म्हणजे 10 हजार, पूर्वीच्या जोडीदाराचे, मग तो पती असो वा पत्नी. कुटुंब निवृत्तिवेतनही याच प्रमाणात विभागावे. आहे तीच रक्कम वाटली जात असल्याने तिजोरीवरचा भार फारसा वाढणार नाही. निवृत्तिवेतन तुटपुंजे असेल, तेथे न्यायालयाला तारतम्य ठेवता यावे.

जानेवारी 2024 मध्ये केंद्राने घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या महिला कर्मचाऱ्यांना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पतीऐवजी मुलांना प्राधान्य देण्याची मुभा दिली. सेवानियम बदलता येतात, हे त्यातून दिसले. पुढचे पाऊल मात्र संसदेनेच टाकायला हवे. पत्नीला मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत संमत होऊनही लोकसभेत रखडले आणि बारगळले. ते पुन्हा आणताना निवृत्तिवेतनाचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा.