कल्पकतेची मुळे मातीत हवीत

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाअखेर प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रबंध-प्रकल्प सिद्ध करावा लागतो. १९७२च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेच्या पुरस्कारांसाठी अशा प्रकल्पांची निवड आधी विभागीय पातळीवर होते आणि मग राष्ट्रीय पातळीवर. ‘नासा’ या वास्तुकला विद्यार्थ्यांच्या १९५७ पासूनच्या देशव्यापी संघटनेच्या विभागीय व वार्षिक संमेलनांतही कल्पक आराखड्यांना करंडक दिले जातात. वृत्तपत्रांत या निकालांना क्वचितच जागा मिळते. परंतु विषय वाटतो तितका लहान नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाला कशाचे कौतुक होते हे अशा पुरस्कारांतूनच कळते, आणि पुढील चाळीस वर्षे आपली घरे, शाळा, रुग्णालये तोच रेखाटणार असतो. समाज ज्याचा सन्मान करतो, तेच समाजात वाढते.

अशा स्पर्धांतील आराखड्यांवर दृष्टी टाकली, तर अनेकदा एक विसंगती जाणवते. पुरस्कार विभागीय असतो, पण आराखड्यात तो विभाग कोठेच दिसत नाही. हवेत तरंगणारी उद्याने, काचेने मढविलेले मनोरे, कोणत्याही खंडात कोठेही उभी करावीत अशी संग्रहालये! कोकणातला धो धो पाऊस आणि जांभा चिरा, मराठवाड्यातली पाण्याची चणचण आणि काळा दगड, विदर्भातला वैशाखवणवा यांची दखल कागदावर एखाद्या परिच्छेदापुरती घेतली जाते. रेषेत ती उतरत नाही. आता तर संगणकाला चार शब्द सांगितले, की असे डोळे दिपविणारे चित्र काही क्षणांत समोर येते. चित्र पाहूनच कौल द्यायचा असेल, तर तो विद्यार्थ्याच्या प्रतिभेला मिळाला की यंत्राच्या, हे परीक्षकांना तरी कसे सांगता यावे?

दोष विद्यार्थ्यांचा नाही. मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात १९१३च्या सुमारास या देशातील वास्तुकलेचे आधुनिक शिक्षण आकाराला आले, ते परकीय राजवटीच्या गरजेतून. पिढ्यान्‌पिढ्या मंदिरे, घाट, वाडे आणि बारव उभारणारे सूत्रधार, पाथरवट, सुतार, गवंडी या शिक्षणाच्या दाराबाहेरच राहिले. ज्याच्या हाताला ज्ञान होते त्याच्यापाशी पदवी नव्हती आणि ज्याच्यापाशी पदवी होती त्याचा हात दगडाला लागत नव्हता. ही फारकत स्वातंत्र्यानंतरही पुरती मिटली नाही. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. त्याच महाविद्यालयाचे इंग्रज प्रमुख क्लॉड बॅटली यांनी आपल्या विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची मोजमापे घ्यायला लावली, त्यांची आरेखने करवून घेतली. प्रश्न गोऱ्या-काळ्याचा नसून दृष्टीचा आहे. केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर जन्माने इंग्रज. पण स्थानिक वीट, चुना आणि गवंडी यांच्या बळावर त्यांनी स्वस्त व सुंदर घरे उभी केली. अशा माणसाच्या नावाचा करंडक विद्यार्थी आज मिळवितात, हे उचितच आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कल्पनाशक्तीला परंपरेचे दावे बांधले तर ती झेपावणार कशी? विद्यार्थ्यांनी पुन्हा वाडे आणि कमानीच काढाव्यात काय? या प्रश्नाचे उत्तर दोन भूकंपांनी दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोईवर मातीच्या माळवदाचे ओझे, अशी ती पिढीजात घरे होती. जुने म्हणून ते सारेच निर्दोष, असे मानणाऱ्यांनी किल्लारी विसरू नये. याउलट २६ जानेवारी २००१च्या कच्छच्या भूकंपात आधुनिक म्हणविणाऱ्या इमारती पत्त्यांप्रमाणे कोसळल्या, आणि तेथील गोल, मातीचे, हलक्या शाकारलेल्या छपराचे ‘भुंगे’ बहुतांशी तगून राहिले. परंपरेत काय टिकणारे आहे आणि काय टाकून द्यायचे आहे, हा विवेक करण्यासाठीच तर खरी कल्पकता लागते! माळवदाचा गारवा राखून त्याचे ओझे कसे उतरवावे, या कोड्यापुढे हवेत तरंगणारे उद्यान फार सोपे आहे.

अशा कल्पकतेची उदाहरणे शोधण्यासाठी फार मागे जाण्याचे कारण नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली प्रित्झकर हा वास्तुकलेतील जागतिक सन्मान मिळाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादेतील त्यांच्या ‘संगत’ या कार्यालयाची छपरे अर्धगोल कमानींची. त्यांवर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांचे आच्छादन, जेणेकरून ऊन परतावे. वास्तूचा काही भाग जमिनीत उतरविलेला, जेणेकरून गारवा लाभावा. सिंधुदुर्गातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला शिकून आले, कानपूरच्या आयआयटीची वास्तू त्यांनी रचली, आणि त्याच हाताने दिल्लीतील इस्कॉनचे मंदिरही रेखाटले. आधुनिक होण्यासाठी स्वत्व सोडावे लागते, हा समज या दोघांनीही खोटा ठरविला.

अयोध्येचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. मोजपट्टी नेण्यास मनाई असल्याने चंद्रकांत सोमपुरा यांनी पावलांनी जागा मोजून श्रीराम मंदिराचा आराखडा सिद्ध केला. त्यांचे आजोबा प्रभाशंकर सोमपुरा हे १९५१ साली प्राणप्रतिष्ठा झालेल्या सोमनाथ मंदिराचे स्थपती. अयोध्येचा आराखडा तीस वर्षे कागदावर होता. पुढे तो विस्तारला आणि २२ जानेवारी २०२४ रोजी तेथे रामलल्लाची प्रतिष्ठापना झाली. ३८० फूट लांबीच्या आणि ३९२ खांबांच्या या नागर शैलीतील मंदिराच्या बांधणीत लोखंड नाही. पण पायाभरणीच्या प्रश्नांवर आयआयटीसारख्या संस्थांनी डोके लढविले, आणि १७ एप्रिल २०२४च्या रामनवमीला आरसे व भिंगांच्या योजनेतून मूर्तीच्या भाळी सूर्यतिलक उमटला तो रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांमुळे. शिल्पशास्त्र आणि पदार्थविज्ञान एकाच गर्भगृहात नांदले. असा संगम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत का दिसू नये?

त्यासाठी पुरस्कारांच्या रचनेत काही बदल आवश्यक आहेत. विभागीय परीक्षक मंडळावर नामवंत वास्तुविशारदांच्या जोडीला त्या भागातील एखादा अनुभवी पाथरवट, सुतार अथवा गवंडी बसावा, “हे उभे कसे राहणार?” हा त्याचा एक प्रश्न पुष्कळ फोलपट उडवून लावील. प्रत्येक प्रकल्पासोबत त्या परिसरातील एका जुन्या वास्तूचे मोजमाप-आरेखन असावे आणि त्यास गुण असावेत. चित्राइतकेच वजन साहित्य, खर्च, पाणी आणि दुरुस्ती यांच्या हिशेबाला मिळावे. मेवाडच्या महाराणा कुंभाच्या पदरी राहून पंधराव्या शतकात वास्तुशास्त्रावर ग्रंथ रचणाऱ्या सूत्रधार मंडनाच्या नावाने एखादा विभागीय पुरस्कार दिला गेला, तर विद्यार्थ्यांना आपल्या पूर्वसूरींचे नाव तरी माहीत होईल.

परंतु सारा भार परिषदेवर आणि महाविद्यालयांवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. गावोगावी शिक्षणसंस्था, वसतिगृहे, सेवाप्रकल्प आणि देवस्थाने चालविणारे कार्यकर्ते दरवर्षी काही ना काही बांधत असतात. तेव्हा शेजारच्या शहरातले सिमेंटचे खोके तसेच्या तसे उचलले जाते, आणि त्याच विभागात पारितोषिक मिळविलेल्या तरुणाचा आराखडा महाविद्यालयाच्या माळ्यावर धूळ खात पडतो. अनुभवी वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली एखादी छोटी शाळा, एखादे सभागृह त्या तरुणाच्या हाती सोपविण्याचे धाडस संस्थाचालकांनी करावे. घराघरांतील पालकांनीही आपल्या मुलाला दूरदेशीचे मनोरे दाखविण्यापूर्वी गावातली बारव, पडका वाडा, नदीचा घाट दाखवावा आणि तो कोणी, कशाने, का बांधला हे विचारावे.

करंडक कपाटात राहतो. विटेवर वीट चढली आणि त्या छपराखाली मुले शिकू लागली, म्हणजे त्या कल्पकतेला खरे पारितोषिक मिळाले. ते देणे कोणत्याही परीक्षक मंडळाच्या हाती नाही, समाजाच्या हाती आहे.