अनुदान कारखान्याच्या दारात, बॅटरी आपल्या बांधावर



आज पिकाची नोंद नाही. आज नोंद आहे अशा मालाची, ज्याच्यासाठी केंद्र सरकारने दीड हजार कोटी रुपये बाजूला काढलेत आणि तरी तो उचलायला गावात कुणी फिरकत नाही. बसलेल्या बॅटऱ्या.

आपापल्या शेडमध्ये मोजून बघा. माझ्याकडे चार निघाल्या. दोन फवारणी पंपाच्या, एक झटका मशीनची, एक ट्रॅक्टरची. शेजाऱ्याकडे इन्व्हर्टरची वेगळीच. पाचशे उंबऱ्यांच्या गावात हा आकडा कुठे जातो ते तुम्हीच धरा.

आता सरकारची बाजू बघू. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनर्वापराची योजना मंजूर केली. रक्कम १,५०० कोटी, मुदत २०२५-२६ ते २०३०-३१. ई-कचरा, लिथियम-आयन बॅटरीचं भंगार वगैरेतून लिथियम, कोबाल्ट, निकेल यांसारखी महत्त्वाची खनिजं काढणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन. यंत्रसामग्रीवर २० टक्के भांडवली अनुदान, शिवाय वाढलेल्या विक्रीवर चालू खर्चाचं अनुदान. मोठ्या उद्योगाला जास्तीत जास्त ५० कोटी, छोट्याला २५ कोटी. त्याआधी २०२१ मध्ये बॅटरीचे सेल देशात बनावेत म्हणून १८,१०० कोटींची उत्पादनाशी जोडलेली योजना आली, लक्ष्य ५० गिगावॅट-तास.

मी या अनुदानाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. लिथियमच्या सेलसाठी आपण आजही मुख्यतः चीनकडे बघतो. कारखाने इथे व्हायलाच पाहिजेत. माझं भांडण वेगळं आहे.

पुनर्वापराच्या योजनेत एक अट आहे. प्रत्यक्ष खनिज वेगळं काढणाऱ्यालाच पैसे. बॅटरी दळून तिची नुसती काळी भुकटी करणाऱ्याला नाही. आता दळणारासुद्धा बाहेर, तर गावोगाव फिरून बॅटरी गोळा करणाऱ्याचं नाव कोण घेणार? सगळा पैसा साखळीच्या शेवटच्या कडीवर आहे. पहिली कडी म्हणजे तुम्ही-मी, आणि तिथे शून्य.

साखर कारखाना उभा केला, बॉयलर पेटवला, आणि तोडणीची टोळी नाही, बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. ऊस काय चालत गव्हाणीत जाणार आहे? उसात जे शेंबड्या पोरालाही कळतं, ते बॅटरीच्या बाबतीत मोठमोठ्या फायलींना कळत नाही.

मग कारखान्याला माल कुठून मिळणार? त्याचीही सोय आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटरीच्या आणि शिशाच्या भंगारावरचं मूळ आयातशुल्क पूर्ण माफ झालं. म्हणजे परदेशातलं भंगार बंदरावर बिनशुल्क उतरणार आणि आपलं भंगार बांधावर गंजणार. बंदरापासून कारखान्यापर्यंत रस्ता आहे. गावापासून कारखान्यापर्यंत तो कोण बांधणार?

कुणी म्हणेल, कायदा आहे की. आहे ना. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२. बॅटरी बनवणाऱ्याने आणि आयात करणाऱ्याने जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवायची, जमिनीत पुरायची नाही, जाळायची नाही. त्याआधी २००१ चे नियम होते, त्यातही विक्रेत्यामार्फत जुनी बॅटरी परत घ्यायची होतीच. वीसहून जास्त वर्षं झाली. पण हिशोब चालतो प्रमाणपत्रावर. कारखान्याने किती धातू काढला त्यावर प्रमाणपत्र मिळतं, कंपनी ते विकत घेते, आणि तिची जबाबदारी कागदावर पूर्ण होते. माल शहरातल्या गोदामातून आला की आडगावच्या गोठ्यातून, हे त्यात कुणी विचारत नाही. मग कंपनी सोपा माल सोडून आडगावला कशाला येईल?

दुसरा आक्षेप, चार बॅटऱ्यांसाठी गाडी पाठवणं परवडत नाही. अगदी बरोबर. कारखानाही परवडत नव्हता, म्हणूनच तर त्याला अनुदान दिलं! तोच न्याय गाडीला का लागू होत नाही?

आता अभ्यासू मंडळींसाठी थोडं खोलात. गावातल्या बॅटऱ्यांत दोन जाती. एक शिसे-आम्लाची. फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअरची बॅटरी साधारण सव्वादोन-अडीच किलोची असते आणि त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. याला भाव आहे, म्हणून भंगारवाला नेतो. पण तो हातात तोलून भाव सांगतो, आम्ल ओढ्यात ओततो, आणि पुढे कुठेतरी उघड्या भट्टीत शिसं वितळतं. शिसं कुजत नाही. मातीच्या वरच्या थरात, सेंद्रिय कर्बाला आणि चिकणमातीच्या कणांना धरून पिढ्यानपिढ्या बसतं. धुळीतून मेथी-पालकावर येतं, रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे अशा उघड्यावरच्या भट्ट्या. पण शिसं सरकारच्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत नाही. म्हणजे गावात जी बॅटरी सर्वांत जास्त, तिच्याकडे या योजनेचं तोंडच नाही.

दुसरी जात लिथियमची. नव्या पंपांत आणि सौर दिव्यांत बऱ्याचदा लिथियम-आयर्न-फॉस्फेट असते. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. त्यामुळे पुनर्वापरवाल्याला त्यात फारसा नफा नाही आणि भंगारवाला तर हातही लावत नाही. जिथे बाजार स्वतःहून येत नाही, तिथेच अनुदान लागतं. इथे नेमकं उलटं झालंय.

आणि गंमत बघा. २०२४ मध्ये राज्य सरकारने कापूस-सोयाबीन उत्पादकांसाठी बॅटरीवरचे फवारणी पंप १०० टक्के अनुदानावर दिले. महाडीबीटीवर अर्ज, सोडत, सगळं रीतसर. पंप चांगली गोष्ट आहे, पाठीवर हात मारत बसण्यापेक्षा केव्हाही बरी. पण त्या बॅटऱ्या दोन-तीन हंगामांत बसणारच. म्हणजे बॅटरी गावात आणायला अनुदान, ती वितळवणाऱ्या कारखान्याला अनुदान, आणि मधल्या प्रवासाला छदाम नाही.

हा पैसा आपलाही आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत शिसे-आम्लाच्या बॅटरीवर आपण २८ टक्के जीएसटी भरला, आता १८ टक्के भरतो. व्यापाऱ्याला तो वळता करून मिळतो, शेतकऱ्याला नाही. तेव्हा मागायचा हक्क आहे. मागणी चार ओळींची आहे.

१. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपल्या मालाचा ठरावीक वाटा ग्रामीण तालुक्यांतून उचलावा. नाही उचलला तर हप्ता थांबवावा.

२. गोळा करण्याचा आणि वाहतुकीचा खर्च अनुदानाला पात्र धरावा. कृषी सेवा केंद्र, विकास सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी, यांपैकी जो काम करेल त्याला किलोमागे पैसे मिळावेत.

३. शिशाच्या आणि लिथियमच्या बॅटरीचा किलोचा भाव फलकावर लावावा आणि काट्यावर तोलून पावती द्यावी. दूध डेअरीवर फॅटची पावती मिळते, मग इथे का नाही?

४. सरकारी योजनेतून पंप पुरवणाऱ्याच्या निविदेतच जुनी बॅटरी परत घ्यायची अट घालावी.

तोवर आपण काय करायचं? बॅटरी फोडू नका, आम्ल ओतू नका. लिथियमच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, उन्हापासून आणि कडब्यापासून लांब ठेवा, तिला आग लागू शकते. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्या आणि बिलावर तिची किंमत वजा केलेली लिहून घ्या. ‘आम्ही घेत नाही’ म्हणाला तर २०२२ च्या नियमांचं नाव घ्या.

आणि येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. या चार मागण्यांचा ठराव करून तालुका कृषी अधिकारी, आमदार आणि खासदार, तिघांना पाठवा. आपल्या गावात किती बॅटऱ्या पडून आहेत तो आकडा ठरावात घाला. मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळतं, आकड्याला तसं देता येत नाही. माझ्या गल्लीत आत्तापर्यंत एकतीस मोजल्या, बाकी गाव रविवारी मोजतोय. तुमचा आकडा खाली लिहा.