फोनच्या दोन टोकांवरचे समुपदेशन

सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार देणारा आनुवंशिक आजार, गडचिरोली-नंदुरबारला नवा नाही; परंतु २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेने तपासण्या गावोगावी नेल्या असताना, अहवालाचा अर्थ उलगडणारे जनुकीय समुपदेशक मात्र बहुधा शहरांतच आहेत, म्हणून प्रस्तुत अंक फोन व व्हिडिओद्वारे होणाऱ्या समुपदेशनाला वाहिला आहे. पती-पत्नी दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारे, असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते, हे गणित दुरूनही समजावता येते. मात्र घरातला एकमेव फोन सासऱ्यांच्या हाती असेल, तर सून कितपत मोकळेपणाने बोलेल, हा प्रश्न संपादक मंडळाला तंत्रज्ञानाहून अवघड वाटतो. गोंडी वा भिल्ली बोलणाऱ्या कुटुंबांत काम करणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव, आणि मतभेदही, अवश्य कळवावेत.