चित्रकलेचा तास राहू द्यावा



नववीचा चित्रकलेचा तास पुढील वर्षापासून गणिताला द्यावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. दहावीची काळजी खरीच आहे. तरीही माझे मत वेगळे आहे. त्यासाठी आपल्याच वडोदरे शहरातील एका शिक्षिकेचे उदाहरण देते.

नसरीन मोहमेदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. लंडनमध्ये कलाशिक्षण घेऊन त्या मुंबईस आल्या. तेथे त्यांना वासुदेव गायतोंडे यांच्यासारखे ज्येष्ठ चित्रकार भेटले. १९७२ पासून अखेरपर्यंत त्यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवले. त्या काळी वडोदऱ्यात माणसांची, घरांची, गोष्ट सांगणारी चित्रे गाजत होती. नसरीनबाई मात्र लहानशा कागदावर पेन्सिल, शाई, पट्टी आणि आरेखनाची साधने घेऊन नुसत्या रेषा ओढीत. चित्राला नाव नाही, बहुतेकांवर तारीखही नाही. पुढे आजाराने हातावरचा ताबा सुटत गेला, तरी रेषेचा नेमकेपणा त्यांनी सोडला नाही. १९९० साली अलिबागजवळ किहीम येथे त्या वारल्या, तेव्हा मोजक्या जाणकारांपलीकडे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २०१५ साली माद्रिदमध्ये आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातर्फे त्यांची मोठी प्रदर्शने भरली.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे भूमितीला ‘रेखागणित’ असेही म्हणतात. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात रेषा आधी येते आणि गणित नंतर. गुण्या, पट्टी, कंपास ही साधने दोन्ही तासांना तीच. गणिताच्या तासाला रेषा मोजली की उत्तर बरोबर की चूक ते कळते. दोन रेषांमध्ये किती जागा सोडायची, कुठे थांबायचे, याचे उत्तर मात्र पुस्तकाच्या शेवटी दिलेले नसते. ते मुलाने स्वतः, धीराने शोधायचे असते. हा धीर गणितालाही लागतो.

दुसरी गोष्ट. आपल्या स्पर्धांत भडक रंगांच्या मोठ्या पोस्टरला बक्षीस मिळते. मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात बारीक काम करणारी मुलगी कोणाच्या नजरेत येत नाही. चित्रकलेचा तास गेला, तर तिच्याकडे पाहण्याची आपली एकमेव संधीही जाईल.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, हा तास कायम ठेवावा. गणिताचा जादा वर्ग शनिवारी शाळा सुटल्यावर घेता येईल. महिन्यातून एकदा भूमितीचे व चित्रकलेचे शिक्षक मिळून तास घेतील, आणि त्यातील लहान चित्रे कार्यालयाबाहेरील फलकावर लागतील.

पालकांनी ती जरा जवळ जाऊन पाहावीत. लहान चित्र लांबून दिसत नाही.

— मुख्याध्यापिका