भीतीवरचे उपचार तहसिलीपर्यंत पोहोचावेत

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरची जमीन हादरली, तेव्हा लोक घराबाहेर धावले. ती भीती शहाणपणाची होती. पॅनिक अटॅकमध्ये जमीन स्थिर असते, तरी शरीर तोच इशारा देते. छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, मृत्यू समोर उभा आहे असे वाटते. याच शहरात मी अशा रात्री काढल्या आहेत आणि ईसीजी निर्दोष निघाल्यावर ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्यही ऐकले आहे. या वाक्याला उपचार म्हणता येत नाही.

उपचार आहेत आणि बहुतेकांना त्यांचा गुण येतो. एसएसआरआय गटातील औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलामसारखी गोळी लगेच शांत करते, पण तिची सवय लागते. म्हणूनच ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. संथ, लांब उच्छ्वासाने झटक्याचा जोर ओसरायला मदत होते आणि समुपदेशनातून भीतीची भीती कमी करता येते. तेव्हा ‘गोळी की प्राणायाम’ हा वाद निरर्थक आहे. दोन्ही गोष्टी योग्य देखरेखीखाली कुठे मिळतात, हा खरा प्रश्न आहे.

मध्य प्रदेशासह बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. राज्याची मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे, जबलपूरपासून दूर आहेत. पण पॅनिकच्या रुग्णाला सहसा तिथली खाट लागतच नाही. त्याला हवा असतो जवळच्या केंद्रातला प्रशिक्षित डॉक्टर आणि न खंडणारा औषधपुरवठा.

कायदा नेमके हेच सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार, अत्यावश्यक औषधसूचीतील मानसिक आजारांवरची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव मोफत मिळाली पाहिजेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मिळणारा धीर मोलाचा आहे, परंतु महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्या फोनमधून येत नाहीत.

म्हणून प्रत्येक केंद्राने या औषधांचा साठा दरमहा जाहीर करावा आणि एका परिचारिकेला श्वसनतंत्र शिकवण्याचे प्रशिक्षण द्यावे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ ज्या शहरात आहे, तिथल्या रुग्णाला कायद्याने दिलेल्या गोळीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागू नये.