गाडी आपली, तिची भाषा मात्र कंपनीची

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे आहे, पण बोनेटच्या आतलं.

गेल्या जुलैमधली गोष्ट. वाकणहून पालीकडे येत होतो. पाऊस असा की वायपर फुल्ल असूनही पुढचा टेम्पो दिसेना. अचानक डॅशबोर्डवर दिवाळी झाली. एबीएसचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, आणि स्पीडोमीटरचा काटा धाडकन शून्यावर. गाडी चाळीसने चाललीय आणि काटा सांगतोय की उभी आहे.

कशीबशी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे आणली. दहावी पास माणूस, पंचवीस वर्षं गाड्यांखाली गेलेली. त्याने आधी बॅटरीची वायर काढली, मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला. म्हणाला, "दादा, साठ ओहम पायजे. एकशेवीस दाखवतोय. लाइन तुटलीय कुठंतरी."

अर्ध्या-पाऊण तासात सापडली. उंदराने कुरतडलेली होती. बल्लाळेश्वराचं वाहन आणि माझं वाहन, दोघांचं काही जमलं नाही.

आता ही लाइन काय भानगड आहे, ते सांगतो. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, डॅशबोर्ड या प्रत्येकाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. पूर्वी प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचं तर वायरींचा भारा व्हायचा. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने 1986 मध्ये 'कॅन' नावाची पद्धत आणली. पीळ घातलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर, आणि सगळे कॉम्प्युटर त्याच वायरींवर बोलणार. दोन्ही रेझिस्टर शाबूत असतील तर मीटर साठ दाखवतो, एक बाजू तुटली की एकशेवीस. मिस्त्रीने तेच पाहिलं.

हे बोलणं एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखं असतं. "खोपोलीची गाडी लागली" हे सगळ्यांना ऐकू जातं, उठतो तो खोपोलीला जाणारा. तसंच ब्रेकचा कॉम्प्युटर चाकाचा वेग सांगतो, तो काट्याला लागतो आणि स्टिअरिंगलाही लागतो. ब्रेकवाला लाइनवरून तुटला, म्हणून माझ्याकडे तिन्ही एकदम बोंबलले. दोघं एकाच वेळी बोलायला लागले तर ज्याच्या संदेशाचा नंबर लहान तो आधी, दुसरा गप्प राहून थांबतो. आपल्या ग्रामसभेत एवढी शिस्त आजवर पाहिली नाही.

मिस्त्रीने वायरी जोडल्या, पुन्हा पीळ दिला, मीटरवर साठ आले. काटा हलला, एबीएसचा दिवा गेला. चारशे रुपये. फक्त स्टिअरिंगचा दिवा राहिला, कारण बॅटरी काढल्यामुळे स्टिअरिंगचा सरळ कोन कॉम्प्युटरला पुन्हा शिकवायचा होता. ते काम कंपनीच्या स्कॅनरशिवाय होईना. बाजारातल्या स्वस्त स्कॅनरला इंजिनाच्या धुराशी संबंधित ठरावीक कोड वाचता येतात. पुढची दारं कुलूपबंद.

गेलो मग मोठ्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. नाव घेत नाही. तिथल्या काचेच्या केबिनमधला मुलगा म्हणाला, "सर, बाहेरचा हात लागलाय. पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. बासष्ट हजार. आणि वॉरंटीचं काही सांगता येत नाही." मी नाही म्हटलं. शेवटी दहा मिनिटांत लॅपटॉप लावून दिवा घालवला. अठराशे रुपये, वर जाण्या-येण्याचं डिझेल आणि बुडालेला दिवस.

चिडलो ते पैशांवर नाही. ज्याने बिघाड शोधला त्याला चारशे आणि ज्याने बटण दाबलं त्याला अठराशे, यावर चिडलो.

आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटींचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा सगळे त्यात होते. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असं आदेशात स्पष्ट होतं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिलं. पुढे 24 डिसेंबर 2022 ला केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती किती द्यायची हे कंपनीनेच ठरवायचं असेल तर ती मॅन्युअल आणि हेल्पलाइनचा नंबर देऊन मोकळी होते.

कंपन्या म्हणतात, सगळं उघडलं तर चोर-हॅकर घुसतील. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. या लाइनवर संदेश नक्की कोणी पाठवला हे तपासायची सोय मुळातच नाही. 2015 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून धावत्या जीपचं ट्रान्समिशन बंद करून दाखवलं आणि कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण ती गाडी इंटरनेटच्या वाटेने हॅक झाली. कुठल्या गावातल्या मिस्त्रीने पाना घेऊन केली नव्हती. युरोपने यावर मार्ग काढलाय. दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला फी घेऊन द्यायचीच, आणि चावी-इमोबिलायझरसारखी नाजूक माहिती तपासणी करून नोंदवलेल्या मेकॅनिकला. आपल्याकडे का होत नाही?

गंमत बघा, या कॉम्प्युटरांचा कोड लिहिणारी कितीतरी पोरं घाटाच्या वर, हिंजवडीत बसतात. गाड्या तपासणारी एआरएआय 1966 पासून पुण्यातच आहे. एवढं ज्ञान सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि पालीच्या गॅरेजपर्यंत मात्र ते पोहोचू द्यायचं नाही. बीएस-6 आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासूनच्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडतायत. त्यातल्या इको, बोलेरो आपल्याकडे वडाप करतात. त्या दोन दिवस शहरात अडकल्या की त्या घराची दोन दिवसांची चूल अडकते. परळी-जांभूळपाड्याच्या रस्त्यावर उभं राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून ग्राहक व्यवहार खात्याला पत्र लिहितोय. मागण्या दोनच. वॉरंटी संपलेल्या गाडीची तपासणीची माहिती रास्त फी घेऊन नोंदणीकृत गॅरेजला देणं सक्तीचं करा. आणि आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांना या लाइनचं काम मल्टिमीटर आणि स्कॅनर हातात देऊन शिकवा, फळ्यावर नको.

पत्राला पुरावे जोडायचेत. "बाहेरचा हात लागला" म्हणून कोणाला असं एस्टिमेट मिळालं असेल तर त्याचा फोटो मला इनबॉक्स करा. नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर झाकून पाठवा. वडापवाल्यांनी तर नक्कीच. अलिबागच्या ग्राहक आयोगात कोणी तक्रार केली असेल तर तिची प्रतही चालेल. येत्या रविवारपर्यंत आलेलं सगळं जोडणार आहे.